वाघदेवाच्या वाटचे पाच घोट

“भिकाला एकट्याला धरून सांग, बाय. सगळ्यांत सांगितलेला त्याला सांगितलेला वाटत नाय,” असं पाड्यातली पोशी म्हणाली होती, आणि चंदनाने ते उडवून लावलं होतं.

उद्धटपणे नव्हे. मांडीवर आठ महिन्यांची रोशनी, हातात मोबाईल, मोबाईलमध्ये छाटलेल्या काड्यांना लावायच्या पेस्टच्या कॅनवरच्या लेबलचा फोटो, आणि समोर द्राक्षबागेच्या बांधावर उकिडवी बसलेली चौदा माणसं. चंदना जव्हारच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, त्यामुळे कॅनवरचं इंग्रजी वाचून मराठीत सांगायचं काम आपसूकच तिच्याकडे आलं होतं. तिने ते नीट केलं. हातमोजे घाला. तोंडाला फडकं बांधा. पेस्टच्या हाताने तंबाखू मळू नका. आणि दारू बंद, आजपासून पेस्ट लावून झाल्यावर सात दिवसांपर्यंत. मोहाची नको, ताडी नको, बियरही नको. दारूचं तिने तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा लाडक्याकडे बघून सांगितलं.

“माझ्याकडंच काय बघतेस, वयनी?” लाडक्या म्हणाला. “बाकीचे काय दूध पितात?”

सगळे हसले. भिकाही हसला. भिका चंदनाचा सासरा, साठीच्या पुढचा, पाड्याचा भगत. बायको वारली त्या वर्षी त्याने भरपूर ढोसली आणि मग एका सकाळी सोडली, त्याला बारा वर्षं झाली. मुलाच्या लग्नातही तो शिवला नव्हता. पाड्यात कुणाची बायको नवऱ्याला टोमणा मारायची तर भिकाचंच नाव घेऊन मारायची.

म्हणून चंदना पोशीला म्हणाली, “आत्या, मामा पीतच नाहीत. पिणाऱ्यांचं बघा आधी.”

पोशीने खांदे उडवले. “वाघबारस चार दिवसांवर आली, म्हणून बोललू. माझा सांगायचा काम झाला.” पोशी आठ वर्षं नाशिककडच्या बागांवर छाटणीला जायची. तिकडे पेस्ट लावून संध्याकाळी प्यायलेला एक माणूस तिने लालेलाल होऊन आडवा पडलेला बघितला होता. हे तिने चंदनाला पूर्वी सांगितलंही होतं, पण तो माणूस पिणारा होता, आणि चंदनाच्या डोक्यात तो लाडक्याच्या रांगेत जाऊन बसला होता.

गारमाळ हा बावीस घरांचा पाडा, जव्हारकडे दाभोशाच्या धबधब्यापुढे, नदी डोंगराला वळसा घालते तिथला. जीप वरच्या डांबरी रस्त्यावर सोडते, खाली पायवाटेने उतरायचं. नदीकाठी भात, वर माळावर नाचणी, आणि मधल्या उतारावर गेल्या पाच वर्षांपासून द्राक्षं. ही द्राक्षं खायची नव्हेत. करवंदाएवढी, काळी, जाड सालीची, आत नुसत्या बिया. नाशिककडच्या एका वाईनवाल्याने पोशीला आणि भिकाला विचारलं होतं, की तुमच्याकडे उतार आहे, पाणी आहे, हात शिकलेले आहेत, मग इथे येऊन राबण्यापेक्षा तिकडेच का नाही लावत? लावली. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला टेम्पो येतो आणि क्रेट भरून घेऊन जातो. त्याची वाईन लागते कशी, हे गारमाळात एकट्या लाडक्याला ठाऊक, कारण टेम्पोवाल्याने दिलेली एकुलती एक बाटली त्यानेच संपवली. त्याचं मत असं पडलं, की खोकल्यावर बरी असावी.

पाऊस गेला, कोजागिरी झाली, की छाटणी. एरवी ती वाघबारशीच्या बरीच आधी उरकते, यंदा पाऊस लांबला होता. कापलेल्या काडीवर डोळे असतात, निजलेले. ते मागेपुढे न होता एकदम फुटावेत म्हणून एकेका डोळ्याला पेस्ट लावायची. कुठला डोळा झाला आणि कुठला राहिला ते कळावं म्हणून तिच्यात लाल रंग कालवतात. दोन दिवस पाड्यातल्या अर्ध्या माणसांचे हात मनगटापर्यंत लाल होते. हातमोजे सगळ्यांना मिळाले होते. भिकाने पहिल्या ओळीनंतर काढून खिशात घातले. “मोज्यातून डोळा लागत नाय हाताला,” तो म्हणाला.

चंदनाने ते बघितलं, आणि ती मंगेशला ओरडली. मंगेश तिचा नवरा, मोखाड्याला पंचायत समितीत कंत्राटी ऑपरेटर. दोघं मोखाड्याला एका खोलीत राहतात आणि छाटणी-दिवाळीला पाड्यात येतात. “मामांना मोजे घालायला सांगा, आणि तुम्ही नदीवर आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकू नका.” मंगेशचे कपडे तिने काठीने उचलून वेगळ्या टोपल्यात टाकले. रोशनीला दोन दिवस कुणाच्या हातात दिलं नाही. पोरीने तोंडात काय घातलं, दूध किती वेळ ओढलं, रात्री श्वास कसा चालला होता, हे तिला विचारावं आणि तिने सांगावं. चंदनाचं आजोळ वावर गावचं. तिथे तिच्या आईच्या पाठची दोन भावंडं एका पावसाळ्यात कुपोषणाने गेली होती, आणि आई आजही लेकराकडे बघायची ती आधी त्याच्या मनगटाकडे. हे बघणं चंदनाकडे आईकडून आलं होतं. ते सगळं त्या आठवड्यात रोशनीवर खर्च झालं.

वाघबारशीला सकाळी पाडा शिवेवर जमला. वाघदेव म्हणजे सागाची एक फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, सगळ्यावर शेंदूर. पूर्वी तिथे रान होतं. आता फळीच्या मागे चार हातांवर बागेची पहिली तार लागते. नारळ, कोंबडा, नव्या तांदळाची खीर, धूप. चंदना धुरापासून लांब, आंब्याखाली उभी होती. रोशनीच्या झबल्यावर तिला एक लाल ठिपका दिसला. पेस्ट की शेंदूर? तिने तो ओल्या फडक्याने पुसला, वास घेतला, उन्हात धरून बघितला. शेंदूर निघाला. तिने मान वर केली तोवर भिकाने देवांची नावं घेऊन संपवली होती आणि पळसाचे द्रोण उपडे पडले होते.

थोड्या वेळाने भिका फळीसमोर खाली बसला. त्याचा चेहरा लाल झाला, मग मान, मग कान. अंग थरथरायला लागलं. श्वास मोठ्याने यायला लागला, लोहाराच्या भात्यासारखा.

“वारा आला,” कुणीतरी म्हणालं.

बायकांनी पदर पुढे घेतले. पुरुषांनी हात जोडले. भिकाच्या अंगात वाघदेव येणं ही काही नवी गोष्ट नव्हती, तीन-चार वर्षांत एकदा यायचाच. एक म्हातारा पुढे सरकला आणि अदबीने विचारू लागला, “देवा, औंदा गुरांना सांभाळशील ना? मागच्या साली माझी पाडी गेली.”

भिकाने त्याच्याकडे बघितलं. ओठ हलले, शब्द आला नाही.

“देव विचार करतंय,” म्हातारा बाकीच्यांना म्हणाला.

चंदना आंब्याखालून दोन पावलं पुढे आली. सासऱ्याच्या अंगात वारं येताना तिने लग्नानंतर एकदा बघितलं होतं. तेव्हा तो ताडकन उभा राहिला होता आणि त्याचा आवाज नदीच्या पलीकडे गेला होता. आता तो बसला होता आणि त्याची मूठ छातीवर दाबलेली होती. डोळे वर गेलेले नव्हते. ते माणसं शोधत होते.

“मंगेश, हे वारं नाही.”

“गप्प बस. सगळे आहेत इथे,” मंगेश ओठांतल्या ओठांत म्हणाला. “देवाला मध्ये तोडायचं नसतं.”

मग पोशी गर्दीतून पुढे आली, भिकाची हनुवटी धरून तिने चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, “ह्यो देव नाय. ह्यो मी नाशकाकडं बघितलाय.” ती चंदनाकडे मात्र वळली नाही.

घोंगडीची झोळी केली, बांबू लावला, चौघांनी खांद्यावर घेतला. पायवाट चढायला एरवी वीस मिनिटं लागतात, त्या दिवशी बारा लागली. वर दाभोशाकडून जव्हारला निघालेली जीप मिळाली, आतल्या बायका बोचक्यांसकट उतरल्या आणि रस्त्याकडेला उभ्या राहिल्या. चंदना रोशनीला घेऊन पुढे बसली. मागे भिका दोनदा ओकला. त्याचे हात आता थंड लागतात, असं मंगेश सांगत होता.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्याने नाडी धरली, बीपी घेतलं, पुन्हा घेतलं, आणि विचारलं, “किती प्यायलेत?”

“ते पीत नाहीत,” मंगेश म्हणाला.

“वास येतोय.”

“आज पूजा होती, अंगावर सांडली असेल. बारा वर्षं शिवले नाहीत, साहेब. अख्ख्या पाड्याला विचारा.”

“नाय प्यालो,” भिका डोळे मिटूनच म्हणाला. खोटं बोलणाऱ्याची एक घाई असते, ती त्याच्या आवाजात नव्हती.

डॉक्टरने लाल हात बघितले. “काय फवारलंत? कीटकनाशक?” तो नर्सला काही सांगायला वळला. बीपी खाली चाललंय, एवढं चंदनाला कळलं. तिला हेही कळलं, की डॉक्टर आता विषबाधा समजून दुसऱ्याच वाटेने निघालाय, आणि त्याला तिकडे पाठवणारे दोघंही खरंच बोलताहेत. ती खाटेजवळ गेली. रोशनी खांद्यावर रडत होती.

“मामा, आज देवाला मोहाचे किती द्रोण दिलेत?”

“पाच.” भिकाने बोटं उघडली. “वाघदेव. नागदेव. हिरवा देव. नदी. आणि आपली गेलेली माणसं.”

“सगळे भुईवर ओतलेत?”

“अर्धा भुईला. अर्धा देवाला.”

“देवाला म्हणजे कुठे?”

भिकाने डोळे उघडले आणि सुनेकडे बघितलं. एवढी शिकलेली, आणि हे माहीत नाही. त्याने लाल बोट स्वतःच्या गळ्यावर ठेवलं. “हितून. देवाला दुसरी वाट हाये काय?”

 ही पद्धत मंगेशलाही लहानपणापासून ठाऊक होती. भगत घोट घेतो, पितो तो देव. त्याला कुणी पिणं म्हणत नाही, जसं नैवेद्याचा घास मोडणाऱ्याला कुणी जेवला म्हणत नाही. डॉक्टरने विचारलं तेव्हा ते त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

चंदनाने मोबाईल पुढे केला. लेबलचा फोटो. डॉक्टरने तो मोठा करून वाचला, ओळीवर बोट ठेवून दुसऱ्यांदा वाचला, आणि कुणाला तरी फोन लावला. मग सलाईन, ऑक्सिजन, छातीला चिकटवलेल्या वायरी. “तुम्ही बाहेर थांबा,” तो म्हणाला. “ह्याच्यावर वेगळं औषध नाही. अंगातून जाईपर्यंत सांभाळायचं. वय आहे त्यांचं, म्हणून मी काही सांगत नाही.”

बाहेर नळावर चंदनाने हात धुतले. पुन्हा धुतले. रोशनी भुकेली होती आणि तिला घ्यायच्या आधी चंदना चार वेळा नळावर गेली. पोशी दुसऱ्या जीपने आली होती, ती बाकावर बसून बघत होती.

“पाज आता. साबण संपंल.”

“आत्या, तुम्ही सांगितलं होतं.”

“मी सांगितला तो तुला सांगितला. त्याला मीच सांगायचा होता. पण मी सांगितला असता तर म्हणला असता, ही कोण मला देवाचा शिकवणार.” पोशीने तंबाखू काढली आणि परत ठेवली. “तू शिकलेली, तुझा ऐकला असता, एवढाच.”

हे बोलून पोशी तिला धीर देत होती की ठपका ठेवत होती, हे चंदनाने तेव्हा तपासलं नाही. दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, बीपी धरतंय.

भिका तीन दिवस तिथे होता. सोडताना डॉक्टरने चंदनालाच बाजूला घेतलं. हृदयावर ताण आलेला आहे, आठ दिवसांनी दाखवायला आणा. चढउतार नको. एकटं ठेवू नका. तिने लिहून घेतलं.

एवढं होऊनही अवघड भाग पुढेच होता. घरी आल्यावर चंदना सासऱ्यासमोर बसली आणि, ह्या वेळी त्याला एकट्यालाच, सावकाश सांगितलं. पेस्ट कातडीतून आत जाते. आत असताना दारू आली, की शरीराला ती पचवता येत नाही, तिचंच विष होतं. ह्यात देवाचा कोप नाही, तुमची चूक नाही. भिकाने सगळं ऐकून घेतलं. 

“म्हंजे माझ्या अंगात ती पेस्ट होती.”

“हो.”

“आणि वरून ती गेली.”

“हो, मामा.”

“ती तर देव प्याला.” भिकाने चुलीतलं लाकूड आत सारलं. “मी दवाखान्यात गेलू. मला सलाईन लागली. त्याला कोण बघणार, बाय?”

 मंगेश हसला, आणि ते हसणं त्याला लगेच गिळावं लागलं, कारण बाप गंभीर होता. पाड्यात काही म्हणत होते, देवाने भिकाचा हात नाकारला. भिकाचं म्हणणं त्याहून वाईट होतं. आपण आपल्या देवाला आपल्या गळ्यातून विष पाजलं, असं तो म्हणत होता. फार लोकांपुढे नव्हे, आणि रडूनही नव्हे. कुणी गाय आजारी असल्याचं सांगावं तसं.

भाऊबीजेनंतर तो घोंगडी आणि एक टोप घेऊन बागेतल्या खोपीत राहायला गेला. खोप शिवेजवळ आहे, दारातून वाघदेवाची फळी दिसते. सकाळी तो फळीसमोर साधं पाणी ठेवतो आणि बसून राहतो. देवाला भात पचत नसेल म्हणून नाचणीची आंबील करतो, आधी फळीसमोर, मग स्वतःला. देवाला बरं वाटेपर्यंत इथून हलणार नाही, असं त्याने मुलाला सांगितलं. बरं वाटलं हे कळणार कसं, असं मंगेशने विचारलं. “मला कळंल,” भिका म्हणाला. डॉक्टरचे आठ दिवस होऊन गेले. न्यायला गेलेल्या मंगेशला त्याने परत पाठवलं. चढ चढू नये असं डॉक्टरच म्हणाला ना, मग चढवतोस कशाला, हे त्याचं उत्तर, आणि त्यात बोट घालायला जागा नव्हती.

मंगेशची सुट्टी संपली. ती तिघं मोखाड्याला परतली, आणि दुसऱ्याच दिवसापासून रोशनीला ताप. मोखाड्याहून गारमाळ म्हणजे जव्हारला जीप बदलायची, पुढे दुसरी, मग उतरण. तापाच्या पोरीला घेऊन जाता येत नाही, टाकून जाता येत नाही, आणि मंगेशला आता रजा मिळत नाही. खोपीत रेंज नाही. पोशी लेकीच्या बाळंतपणाला गेलीय. राहिला रोज वर रस्त्यावर, रेंजमध्ये येणारा लाडक्या. चंदना त्याला रोज फोन करते.

“हाये की,” लाडक्या म्हणतो. “मी वरून हाक मारली, त्यानं हात केला.”

“उठले का?”

“कशाला उठंल? हात केला ना.”

“चेहरा कसा दिसला? पाय सुजलेत का?”

“वयनी, वरून पाय कसे दिसतील?”

काल आणि आज त्याचाही फोन लागलेला नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी कुणी ह्या दिवसांत धबधबा बघायला किंवा आणखी कशाला दाभोशाकडे जाणार असेल, तर चंदनाचं त्यांच्याकडे एक मागणं आहे. दाभोशाच्या पुढे गारमाळ विचारा, कुणीही सांगेल. वरून हाक मारू नका, भिका नुसता हात करतो. खाली शिवेजवळच्या बागेतल्या खोपीपर्यंत उतरा. कसे आहात, असं त्याला विचारू नका, बरं हाये म्हणेल. देव कसा आहे, असं विचारा आणि तो काय सांगतो ते ऐका. मग चहा मागा. तो नाही म्हणणार नाही. चूल पेटवायला उठताना कशाचा आधार घेतो, पाणी आणायला नदीपर्यंत जाताना किती वेळा थांबतो, पावलांवर सूज आहे का, ओठ कुठल्या रंगाचे आहेत, एवढं बघा. परत वर डांबरी रस्त्यावर आलात की रेंज येते. मोखाड्याला पंचायत समितीत मंगेश ऑपरेटरला फोन जोडून द्या म्हणा. जे दिसलं तेवढंच सांगा. फार वाईट दिसलं तर मात्र आधी जीप थांबवा आणि मग फोन करा.